कपॅसिटर चार्ज करताना ऊर्जेचा हिशोब: कोणत्या क्रमाने मांडायचा आणि कुठे चुकतं

१०० व्होल्टच्या बॅटरीला १० मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर (प्रभार साठवणारी प्लेटांची जोडी) जोडला. बॅटरीने किती कार्य केलं?

बारावीच्या वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेकांचं उत्तर येतं ५० मिलिज्यूल, कारण ‘हाफ सीव्ही स्क्वेअर’ तोंडपाठ असतं. बरोबर उत्तर १०० मिलिज्यूल आहे. ५० ही कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा. बॅटरीने त्याच्या दुप्पट कार्य केलं आणि उरलेले ५० मिलिज्यूल उष्णतेत गेले. सूत्र पाठ असतं, पण ते कोणाच्या खात्यातली ऊर्जा सांगतं हे लक्षात राहिलेलं नसतं. सीईटी, नीट, जेईईसाठी सराव करणाऱ्यांची गाडी अडते ती इथेच. कारण पर्यायांमध्ये दोन्ही आकडे दिलेले असतात.

पुढे दिलेला क्रम पाळला तर या विषयावरचं जवळजवळ कुठलंही गणित सुटतं. क्रम मोडला, विशेषतः उष्णता आधी शोधायला गेलात, तर सोपं गणितही फसतं.

तयारी: कागदावर आधी काय लिहायचं

सर्वांत वर हे एक समीकरण लिहा:

बॅटरीचं कार्य + हाताचं कार्य = साठलेल्या ऊर्जेतला बदल + उष्णता

‘हाताचं कार्य’ म्हणजे बाहेरून कोणी प्लेट सरकवली किंवा मध्ये डायइलेक्ट्रिकची (वीज न वाहणाऱ्या पदार्थाची) पट्टी घातली तर त्याने केलेलं कार्य. कोणी काही हलवत नसेल तर ते शून्य. ‘उष्णता’ म्हटलं तरी त्यात ठिणगी आणि विद्युतचुंबकीय लहरींतून निसटणारी ऊर्जाही धरायची. थोडक्यात, परिपथातून जे परत मिळत नाही ते सगळं.

अक्षरांचा अर्थ ठरवून घेऊ. क्यू म्हणजे प्रभार, सी म्हणजे धारकता, व्ही म्हणजे कपॅसिटरच्या दोन टोकांमधलं विभवांतर, आर म्हणजे रोध. साठलेली ऊर्जा तीन प्रकारे लिहिता येते: ½सीव्ही², ½क्यूव्ही आणि क्यू²/२सी. तिन्हींची किंमत एकच. कुठलं कधी वापरायचं ते पहिल्या टप्प्यात येतं.

एककांची एक सवय लावून घ्या. धारकता मायक्रोफॅरडमध्ये आणि विभवांतर व्होल्टमध्ये ठेवलं की प्रभार थेट मायक्रोकूलोममध्ये आणि ऊर्जा थेट मायक्रोज्यूलमध्ये येते. मधे दहाचा उणे सहावा घात ओढत नेण्याची गरजच पडत नाही. १००० मायक्रोज्यूल म्हणजे १ मिलिज्यूल, हे रूपांतर फक्त शेवटी करा.

टप्पा १: दोन चित्रं काढा, आणि काय कायम राहतंय ते ठरवा

एक चित्र स्विच दाबण्याआधीचं, दुसरं सगळं स्थिरावल्यानंतरचं. स्थिरावलेल्या स्थितीत कपॅसिटरच्या शाखेतून प्रवाह वाहत नाही, म्हणून त्या शाखेतल्या रेझिस्टरवर विभवांतर शून्य. दुसरं चित्र काढताना अशा रेझिस्टरच्या जागी साधी तार काढली तरी चालते.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा. बॅटरी जोडलेली आहे की काढलेली?

जोडलेली असेल तर विभवांतर कायम. अशा वेळी ½सीव्ही² वापरा, कारण बदलणारी गोष्ट फक्त धारकता.

काढलेली असेल तर प्रभार कायम. प्लेटवरून निघून जायला त्याला वाटच नाही. अशा वेळी क्यू²/२सी वापरा.

सावधान: बॅटरी काढल्यानंतर प्लेटमधलं अंतर वाढवलं, आणि तुम्ही ½सीव्ही² मध्ये जुनाच व्ही घातला, तर ऊर्जा कमी झाल्याचं दिसेल. प्रत्यक्षात ती वाढलेली असते.

आणखी एक बारकावा. प्रभार कायम राहतो तो तुटक भागाचा. चार्ज केलेला कपॅसिटर दुसऱ्या कपॅसिटरला जोडला की प्रत्येकाचा स्वतंत्र प्रभार कायम राहत नाही. तारेने एकमेकींना जोडलेल्या प्लेटांची बेरीज कायम राहते. चित्रात अशा एकेका भागाभोवती पेन्सिलने वर्तुळ काढा. वर्तुळाच्या आतल्या प्रभारांची बेरीज आधी जेवढी तेवढीच नंतर.

टप्पा २: प्रत्येक कपॅसिटरचा प्रभार, चिन्हासकट

दोन्ही चित्रांत प्रत्येक कपॅसिटरच्या वरच्या प्लेटवरचा प्रभार लिहा. कोणती प्लेट ‘वरची’ हे एकदा ठरवलं की शेवटपर्यंत बदलू नका. चिन्ह न लिहिल्यामुळे होणारी चूक पुढे उलट्या बॅटरीच्या गणितात दिसेल. तिथे उत्तर थेट शून्य येतं.

टप्पा ३: बॅटरीतून गेलेला प्रभार, आणि त्यावरून बॅटरीचं कार्य

बॅटरीचं कार्य म्हणजे बॅटरीतून गेलेला प्रभार गुणिले बॅटरीचं व्होल्टेज. यात अर्धा कुठेही येत नाही. बॅटरी पहिला कूलोम ढकलताना आणि शेवटचा कूलोम ढकलताना तेवढंच व्होल्टेज देते.

बॅटरीतून गेलेला प्रभार कसा शोधायचा? बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या प्लेटांवर प्रभार कितीने वाढला ते बघा. बस. परिपथातल्या सगळ्या कपॅसिटरांवरच्या प्रभारांची बेरीज करायची नाही.

उदाहरण घेऊ. ३ आणि ६ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर एकसर जोडणीत, बॅटरी ९० व्होल्टची. एकत्रित धारकता २ मायक्रोफॅरड, म्हणून प्रत्येकावर १८० मायक्रोकूलोम. बॅटरीतून गेले तेही १८०च, ३६० नव्हे. दोन कपॅसिटरांच्या मधल्या दोन प्लेटांवरचा प्रभार त्या दोघींनी आपसात वाटून घेतलेला असतो, तो बॅटरीतून आलेला नाही. बॅटरीचं कार्य १८० × ९० = १६२०० मायक्रोज्यूल.

तपासणी: दोन्ही कपॅसिटरांतली ऊर्जा वेगवेगळी काढा. पहिल्यात १८०² भागिले ६, म्हणजे ५४००. दुसऱ्यात १८०² भागिले १२, म्हणजे २७००. बेरीज ८१००, बरोबर १६२०० च्या निम्मी. रिकाम्या कपॅसिटरांचा संच थेट बॅटरीला जोडला असेल तर हे निम्मं जुळलंच पाहिजे. जुळलं नाही तर प्रभार मोजताना चूक झाली आहे.

प्रभार बॅटरीत परत शिरत असेल, म्हणजे धन टोकाकडे उलटा येत असेल, तर बॅटरीचं कार्य ऋण. ऋण उत्तर आलं म्हणून घाबरून चिन्ह खोडू नका.

टप्पा ४: साठलेल्या ऊर्जेतला बदल

नंतरची एकूण ऊर्जा वजा आधीची एकूण ऊर्जा. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे वर्गांची वजाबाकी करण्याऐवजी वजाबाकीचा वर्ग करणं. ३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ६० वरून ९० व्होल्टवर गेला, तर ऊर्जेतला बदल ½ × ३ × (८१०० − ३६००) = ६७५० मायक्रोज्यूल. ½ × ३ × ३०² केलंत तर १३५० येतात.

हे १३५० मात्र निरर्थक नाहीत. एकच कपॅसिटर व्ही१ पर्यंत आधीच चार्ज केलेला असेल आणि त्याला व्ही२ ची बॅटरी रेझिस्टरमधून जोडली, तर तयार होणारी उष्णता नेमकी ½सी(व्ही२ − व्ही१)² असते. पडताळा लगेच घेता येतो. बॅटरीचं कार्य ३ × ३० × ९० = ८१००, त्यातून ६७५० वजा केले की उरले १३५०. म्हणजे चुकीच्या वजाबाकीने काढलेला आकडा उष्णतेचा असतो. पर्यायांमध्ये तो हमखास ठेवलेला असतो, म्हणून जपून.

टप्पा ५: उष्णता, नेहमी वजाबाकीने

बॅटरीचं कार्य वजा ऊर्जेतला बदल. प्रवाहाचा वर्ग, रोध आणि वेळ यांचं संकलन करत बसू नका. ते करायचं असेल तर पडताळा म्हणून करा.

तपासणी: उष्णता ऋण येऊच शकत नाही. ऋण आली तर टप्पा २ वर परत जा. तिथे एखादं चिन्ह सुटलेलं असतं.

निम्मी ऊर्जा जाते कुठे आणि का, हे एकदा समजून घेतलं की सूत्रांची गल्लत होत नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवताना पाइपचं तोंड टाकीच्या काठावर असतं. टाकी रिकामी असो की भरत आलेली, पंपाला प्रत्येक थेंब काठापर्यंतच उचलावा लागतो. पहिलं पाणी मग तळापर्यंत खाली पडतं, शेवटचं जवळजवळ पडतच नाही. बॅटरीही प्रत्येक प्रभाराला पूर्ण व्होल्टेजची ऊर्जा देते, पण कपॅसिटरवरचं विभवांतर शून्यापासून चढत जातं आणि त्याची सरासरी निम्मी भरते. मधल्या फरकाची ऊर्जा रेझिस्टरमध्ये उष्णता होते.

रोध किती आहे याने ही उष्णता बदलत नाही. १० ओहम घ्या की १० मेगाओहम, एकूण उष्णता ½सीव्ही²च. रोध वाढला की प्रवाह कमी होतो आणि वेळ वाढतो, दोन्ही मिळून हिशोब तोच. ‘रोध शून्य केला तर उष्णता शून्य’ हे उत्तर चुकीचं आहे. खऱ्या तारेला थोडा रोध असतो आणि थोडं प्रेरकत्व (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) असतं. रोध फारच कमी केला तर प्रवाह पुढे-मागे हेलकावे खातो, टोकांवर ठिणगी पडते, थोडी ऊर्जा लहरींतून निघून जाते, आणि स्थिरावेपर्यंत तेवढीच ऊर्जा खर्च झालेली असते.

याचा अर्थ निम्मी ऊर्जा गमावणं अटळ आहे असा मात्र नाही. ते फक्त एकाच ठरावीक व्होल्टेजने, एका दमात, रोधातून चार्ज केल्यावर होतं. तोच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आधी ५० व्होल्टला आणि मग १०० व्होल्टला जोडला, तर पहिल्या पायरीत बॅटरीचं कार्य २५ मिलिज्यूल आणि दुसऱ्या पायरीत ५०. एकूण ७५, साठले ५०, उष्णता २५. एका दमात गेले असते त्याच्या निम्मे. सारख्या पायऱ्यांची संख्या जेवढी वाढवाल तेवढ्या पटीने उष्णता घटते. दहा पायऱ्यांत ती ५ मिलिज्यूलवर येते. मध्ये प्रेरक (तारेचं वेटोळं) आणि डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घातला, आणि दोन्ही आदर्श मानले, तर कपॅसिटर बॅटरीच्या दुप्पट व्होल्टेजपर्यंत चढून थांबतो. बॅटरीचं कार्य २सीव्ही², साठलेली ऊर्जा ½सी(२व्ही)² = २सीव्ही², उष्णता शून्य. म्हणून परिपथात काय आहे ते न बघता ‘निम्मं’ लिहू नका.

पूर्ण सोडवलेलं उदाहरण: एक कपॅसिटर तारेने जोडून टाकला

वरचाच परिपथ घेऊ: ३ आणि ६ मायक्रोफॅरड एकसर, ९० व्होल्टची बॅटरी, सगळं स्थिरावलेलं. आता ६ मायक्रोफॅरडच्या दोन टोकांमध्ये तार जोडली. बॅटरी जोडलेलीच आहे. उष्णता किती?

आधी: प्रत्येकावर १८० मायक्रोकूलोम, एकूण ऊर्जा ८१०० मायक्रोज्यूल.

नंतर: ६ मायक्रोफॅरडवर विभवांतर शून्य, म्हणून प्रभारही शून्य. ३ मायक्रोफॅरडवर पूर्ण ९० व्होल्ट, प्रभार २७०. ऊर्जा ½ × ३ × ८१०० = १२१५०.

बॅटरीतून गेलेला प्रभार: धन टोकाला जोडलेल्या प्लेटवर १८० चे २७० झाले, म्हणजे ९०. कार्य ९० × ९० = ८१००.

ऊर्जेतला बदल: १२१५० − ८१०० = ४०५०.

उष्णता: ८१०० − ४०५० = ४०५० मायक्रोज्यूल.

पडताळा दुसऱ्या वाटेने: ६ मायक्रोफॅरडची सगळी ऊर्जा, २७००, त्या तारेत जळाली. ३ मायक्रोफॅरड ६० वरून ९० व्होल्टवर गेला, त्याचे १३५० वर काढलेलेच आहेत. बेरीज ४०५०. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की उत्तरावर विश्वास ठेवावा.

टप्पा ६: बॅटरी उलटी केली तर

१० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टपर्यंत चार्ज केलेला. बॅटरीची टोकं बदलून पुन्हा जोडली. ऊर्जा आधी ५० मिलिज्यूल, नंतरही ५० मिलिज्यूल. म्हणून पुष्कळजण ‘काहीच झालं नाही’ असं लिहितात. टप्पा २ मधलं चिन्ह इथे कामाला येतं. वरच्या प्लेटवर +१००० मायक्रोकूलोमचे −१००० झाले. बॅटरीतून २००० मायक्रोकूलोम गेले, कार्य २०० मिलिज्यूल, साठलेल्या ऊर्जेतला बदल शून्य. सगळीच्या सगळी २०० मिलिज्यूल उष्णता झाली. ½सी(व्ही२ − व्ही१)² मध्ये फरक २०० व्होल्ट घातला तरी हेच येतं.

टप्पा ७: बॅटरीच नाही, दोन कपॅसिटर एकमेकांना जोडले

४ मायक्रोफॅरडचा १०० व्होल्टवर, ६ मायक्रोफॅरडचा रिकामा. सारखी टोकं एकमेकांना जोडली. बॅटरीचं कार्य शून्य, म्हणून टप्पा ३ गाळायचा. एकूण प्रभार ४०० मायक्रोकूलोम, एकूण धारकता १०, समान विभवांतर ४० व्होल्ट. ऊर्जा आधी २० मिलिज्यूल, नंतर ½ × १० × १६०० = ८ मिलिज्यूल. १२ मिलिज्यूल गेले.

विभवांतर समान होतं, ऊर्जेची समान वाटणी होत नाही आणि ती कायमही राहत नाही. ऊर्जा अक्षय्यतेवरून व्ही काढायला जाणं ही इथली सर्वांत महागडी चूक. आधी प्रभार, मग व्ही, मग ऊर्जा.

दोन्ही चार्ज केलेले असतील आणि उलट टोकं जोडली असतील, तर प्रभारांची बेरीज करण्याऐवजी वजाबाकी करा. गेलेली ऊर्जा अशा वेळी बरीच जास्त असते.

टप्पा ८: प्लेट किंवा डायइलेक्ट्रिक हलवताना

आता समीकरणातलं हाताचं कार्य जागं होतं. आणि इथे उष्णतेबद्दलची घाई नडते. हालचाल अगदी सावकाश असेल तर प्रवाह नगण्य, म्हणून उष्णताही नगण्य. जो फरक उरतो तो हाताच्या खात्यात जातो.

तोच १० मायक्रोफॅरड, १०० व्होल्ट. डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३ असलेली पट्टी प्लेटांमधली पूर्ण जागा भरेल अशी आत घातली.

बॅटरी जोडलेली: धारकता ३०, प्रभार १००० वरून ३००० मायक्रोकूलोम. बॅटरीचं कार्य २०० मिलिज्यूल. साठलेली ऊर्जा ५० वरून १५०, बदल १००. हाताचं कार्य १०० − २०० = −१०० मिलिज्यूल. ऋण चिन्हाचा अर्थ असा की प्लेटा पट्टीला आत खेचतात आणि हात तिला आवरून धरतो.

बॅटरी काढलेली: प्रभार १००० वरच राहिला. ऊर्जा ५० वरून सुमारे १६.७ मिलिज्यूल. हाताचं कार्य सुमारे −३३.३. पट्टी इथेही आत खेचलीच जाते.

आता पट्टी बाजूला ठेवा आणि प्लेटांमधलं अंतर दुप्पट करा. धारकता ५ झाली. बॅटरी काढलेली असेल तर ऊर्जा ५० वरून १०० मिलिज्यूल, हाताचं कार्य +५०. बॅटरी जोडलेली असेल तर प्रभार १००० वरून ५०० वर उतरला, तो बॅटरीत परत गेला, म्हणून बॅटरीचं कार्य −५०. साठलेली ऊर्जा ५० वरून २५, बदल −२५. हाताचं कार्य −२५ + ५० = +२५.

तपासणी: विरुद्ध प्रभाराच्या प्लेटा एकमेकींना ओढतात. त्यामुळे त्यांना दूर नेताना हाताचं कार्य दोन्ही स्थितींत धन आलंच पाहिजे, जवळ आणताना ऋण. साठलेली ऊर्जा वाढली की घटली यावरून हाताच्या कार्याचं चिन्ह ठरवू नका. वरच्या उदाहरणात ऊर्जा घटली आणि तरी हाताचं कार्य धन आहे.

एका प्लेटवरचं बल काढायची वेळ आली तर प्रभार गुणिले मधलं संपूर्ण विद्युतक्षेत्र घेऊ नका. त्यातलं निम्मं क्षेत्र त्या प्लेटचं स्वतःचं असतं, आणि प्लेट स्वतःला ओढत नाही. बल त्याच्या निम्मं.

टप्पा ९: मधल्या एखाद्या क्षणी विचारलं तर

आतापर्यंत सगळं स्थिरावल्यानंतरचं होतं. ‘एका कालस्थिरांकानंतर’ असं विचारलं की घातांकी सूत्र लागतं, पण हिशोबाचा क्रम तोच. कालस्थिरांक म्हणजे आर × सी.

एका कालस्थिरांकाला विभवांतर ६३.२ टक्के होतं. ऊर्जा ६३.२ टक्के होत नाही. ती विभवांतराच्या वर्गावर चालते, म्हणून फक्त सुमारे ४० टक्के. बॅटरीचं कार्य मात्र प्रभाराबरोबर चालतं, म्हणून ते एकूण सीव्ही² च्या ६३.२ टक्के झालेलं असतं. आपल्या १०० मिलिज्यूलच्या उदाहरणात: बॅटरीने दिले ६३.२, साठले २०.०, उष्णता ४३.२. सुरुवातीला उष्णता पुढे धावते आणि साठवण मागून येते, हे या आकड्यांत स्पष्ट दिसतं.

ऊर्जा निम्मी भरायला विभवांतर ७०.७ टक्के व्हावं लागतं. त्याला सुमारे १.२३ कालस्थिरांक लागतात. ऊर्जा साठण्याचा वेग सर्वांत जास्त असतो तो विभवांतर निम्मं असताना, म्हणजे ०.६९३ कालस्थिरांकाला. त्या क्षणी कपॅसिटरला आणि रेझिस्टरला मिळणारी शक्ती अगदी सारखी, प्रत्येकी व्ही²/४आर.

टप्पा १०: टेबलावर करून बघा

कागदावरचं पटलं तरी हा प्रयोग कराच. सामान थोडंच लागतं: १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, १, ४७ आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी, डिजिटल मल्टिमीटर आणि मोबाइलवरचं घड्याळ.

सावधान: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगावर उणे चिन्हाची पट्टी असते. ती बाजू बॅटरीच्या ऋण टोकाकडेच. उलटा जोडला तर तो तापतो, फुगतो आणि फुटूही शकतो.

१. कपॅसिटरची टोकं १ किलोओहमच्या रेझिस्टरने जोडून आधी तो पूर्ण रिकामा करा. मीटर शून्य दाखवतोय ना ते बघा. आधीचा उरलेला प्रभार हे चुकीच्या वाचनांचं पहिलं कारण.

२. बॅटरीचं व्होल्टेज मोजून लिहा. ‘९ व्होल्ट’ हे नाव झालं. नवीन बॅटरी थोडं जास्त दाखवते, वापरलेली कमी. पुढचे आकडे मी ९ धरून देतोय, तुम्ही तुमचा घ्या.

३. मीटर कपॅसिटरला लावून ठेवा, परिपथ पूर्ण करा आणि दर १० सेकंदांनी व्होल्टेज लिहा. चार-साडेचार मिनिटं पुरतात.

४. व्होल्टेज ५.६९ ला (बॅटरीच्या व्होल्टेजच्या ६३.२ टक्क्यांना) पोचायला किती वेळ लागला ते तक्त्यातून शोधा. तो कालस्थिरांक. हिशोबाने ४७ सेकंद, पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची छापील धारकता २० टक्के इकडेतिकडे असू शकते, म्हणून ३८ ते ५६ मधलं काहीही आलं तरी प्रयोग बिघडलेला नाही. त्या वेळेला ४७ किलोओहमने भागून खरी धारकता काढा आणि पुढे तीच वापरा.

५. साठलेली ऊर्जा: ½सीव्ही². १००० मायक्रोफॅरड भरला तर ४०.५ मिलिज्यूल.

६. आता उष्णता, या वेळी वजाबाकी न करता. रेझिस्टरवरचं विभवांतर म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज वजा कपॅसिटरचं वाचन. त्याचा वर्ग भागिले रोध, ही त्या क्षणाची शक्ती. लागोपाठच्या दोन शक्तींची सरासरी घेऊन १० सेकंदांनी गुणा, आणि सगळ्यांची बेरीज करा. सरासरी न घेता प्रत्येक वेळी आधीचंच वाचन वापरलंत तर उष्णता सुमारे २३ टक्के जास्त दिसेल, आणि तुम्ही दोष सिद्धांताला द्याल.

बेरीज साठलेल्या ऊर्जेच्या अगदी जवळ यायला हवी. मग ४७ च्या जागी १०० किलोओहम लावून तेच पुन्हा करा, वाचनं मात्र दुप्पट वेळ घ्या. वेळ वाढेल, उष्णतेची बेरीज बदलणार नाही. पुस्तकातलं ‘रोधावर अवलंबून नाही’ हे वाक्य इतक्या कमी खर्चात दुसरीकडे कुठे तपासता येत नाही.

शेवटचं वाचन बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा थोडं कमी आलं तर कारण साधं आहे. मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो आणि कपॅसिटरमधूनही थोडी गळती होते, त्यामुळे रेझिस्टरमधून बारीकसा प्रवाह वाहतच राहतो.

७. संपल्यावर बॅटरी काढा आणि १ किलोओहमने कपॅसिटर रिकामा करा; पाच सेकंद पुरतात. थेट तारेने जोडू नका. रेझिस्टर काढून थोड्या वेळाने पुन्हा मोजा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर थोडं व्होल्टेज परत उगवलेलं दिसतं, कारण डायइलेक्ट्रिकमध्ये मुरलेला प्रभार हळूहळू बाहेर येतो.

हा प्रयोग घरातल्या उपकरणांच्या कपॅसिटरवर करू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचं शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असतं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये त्या व्होल्टेजला भरलेला २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर त्यात सुमारे ११.६ ज्यूल साठलेले असतात, आपल्या टेबलावरच्या कपॅसिटरच्या जवळजवळ २९० पट, आणि तेही जिवावर बेतू शकणाऱ्या व्होल्टेजला. प्लग काढला म्हणून तो रिकामा झाला असं समजू नका. वरच्या सातव्या पायरीत दिसलेलं परत उगवणारं व्होल्टेज तिथेही असतं, म्हणून अशा दुरुस्तीत अनुभवी माणूस कपॅसिटर रिकामा केल्यानंतरही हात लावण्याआधी पुन्हा मीटर लावतो.